फळ्यावरची ओळ

नव्या धानाचा वास आला की २००७चा नोव्हेंबर आठवतो. गोंदियातल्या कॉलेजच्या संगणक लॅबमध्ये शिकवणारी मी, एक विद्यार्थिनी आणि मी बोलावलं म्हणून कापणी सोडून दवनीवाड्याहून आलेले तिचे वडील, एवढेच होतो. त्यांच्या सदऱ्याला तणसाचे कण चिकटलेले होते. सी भाषेतल्या प्रोग्राममधल्या धोक्याच्या जागा शोधणारं सॉफ्टवेअर मी मुलांच्या कामावर चालवलं, तेव्हा तिच्या आणि मैत्रिणीच्या प्रोग्राममध्ये एकच चूक निघाली होती: टाइप केलेलं नाव किती लांब आहे, हे न तपासताच साठवलेलं. "हिने नक्कल केली," मी म्हणाले. "काऊन केलं वं असं? याच्यासाठीच शिकवून राहिलो का तुले?" एवढं तिला बोलून, मला हात जोडून ते बस गाठायला निघून गेले. मग ती म्हणाली, "मॅडम, ती ओळ तुम्हीच फळ्यावर लिहून दिली होती." माझा नमुना प्रोग्राम त्याच सॉफ्टवेअरवर तपासला; तीच ओळ धोक्याची म्हणून लाल झाली. "मग बाबांसमोर का नाही बोललीस?" "त्याईच्यासमोर तुमाले कसं म्हणू?" तिचे कापलेले मार्क मी त्याच दिवशी परत दिले, फळ्यावरची ओळही बदलली. दवनीवाड्याला जाऊन तिच्या वडिलांना सांगायचं मात्र अजून राहिलं आहे.