टेकाडावरची रेंज
ओल्या सिमेंटचा वास आला की मेडशीजवळचा तो पूल आठवतो. साइटवरची अडचण आधी अ‍ॅपवर टाकायची, साहेबांचं उत्तर आलं तरच काम थांबवायचं, असा नियम होता; ते अ‍ॅप असलेला मोबाइल मुकादम म्हणून माझ्याकडे असायचा. एका दुपारी स्लॅबखाली काम करणारी बाई धावत आली, “भाऊ, टेकू हलून राह्यला, काम थांबवा ना.” मी म्हणालो, “दम धरा बाई, साहेबाले इचारतो.” ती परत स्लॅबखाली गेली आणि मी रेंजसाठी टेकाडावर चढलो. ‘काम थांबवा’ असं उत्तर येईपर्यंत माझ्या डोळ्यांदेखत स्लॅब तिच्यावर कोसळला होता. कसली रेंज शोधत होतो मी? टेकाडावरून नुसतं ओरडलो असतो, तरी तिला ऐकू गेलं असतं.