माझ्याच वायरीवर समोरचं दुकान

क्लासवाल्या सरांनी मला फसवलं. त्यांच्यामुळे एका मुलीचा भरतीचा फॉर्म बुडाला आणि नाव माझं खराब झालं. हे आधीच लिहितो, कारण हिंगोलीत ही गोष्ट अजून उलटी सांगितली जाते.

माझं शिक्षण दहावीपर्यंत. नव्वदच्या दशकात मी बैलबाजारात दलाली केली. विकणारे शेतकरी माझ्या मागे, घेणारा समोर. घेणाऱ्याला फक्त मी दिसायचो. रुमालाखाली बोटं दाबून तो भाव सांगायचा तोही मलाच, आणि कोणता भाव कोणत्या शेतकऱ्याकडे न्यायचा हे मी ध्यानात ठेवायचो. बाजाराची एक रीत होती. दलालाने आपल्या मागे दुसरा दलाल उभा केला असेल, तर ते आधी सांगायचं. लपवलं, तर त्याच्या रुमालाखाली पुन्हा कोणी हात घालत नसे.

पुढे दोन हजार सालानंतर मी बसस्टँडजवळ नेट कॅफे टाकला. ब्रॉडबँड आलं. लाइन एक, मशीन आठ. राउटर बसवायला नांदेडहून आलेला माणूस मला नॅट समजावू लागला. आत प्रत्येक मशीनला वेगळा पत्ता, पण बाहेर जाताना सगळ्यांचा मिळून एकच पत्ता. बाहेरून उत्तर आलं की ते कोणत्या मशीनने मागितलं होतं, हे राउटर लक्षात ठेवतो.

मी म्हणालो, "म्हणजे दलालच की."

त्याला बसवण्याच्या मजुरीतच मला शिकवायलाही लावलं. तो गेल्यावर मी सगळं पुसून पुन्हा स्वतःच्या हाताने लावलं.

माझ्या वरच्या मजल्यावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. त्यांनी माझ्या लाइनवरून एक वायर मागितली. सौदा असा ठरला: निम्मं बिल त्यांचं, मशीन चार, आणि वर नुसता स्विच, म्हणजे एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा, लावायचा. स्विच काही लपवत नाही. त्याच्या मागचं प्रत्येक मशीन माझ्या राउटरच्या यादीत वेगळं दिसतं. सौदा झाल्यावर सर म्हणाले, "भाऊ, ते नॅटचं मलाबी दाखवा ना. पोरांना शिकवायला कामी येईल."

मी त्यांना शेजारी बसवून दाखवलं. चहाही मीच पाजला.

काही महिन्यांनी यादीत वरच्या मजल्याचं एकच मशीन दिसू लागलं. मी विचारलं.

"बाकीचे बिघडले हो भाऊ. एकावरच भागवून राहिलो."

"मग निम्मं बिल काहून देऊन राहिले?"

"शब्द दिला ना तुमाला."

त्याच सुमारास रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याने माझ्यापेक्षा कमी दरात ऑनलाइन फॉर्म भरायला सुरुवात केली. लाइन कुठून घेतली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "घेतली एका जागेवरून."

मग एका सरकारी भरतीचा शेवटचा दिवस आला. डोंगरकडा गावाच्या पुढच्या तांड्यावरून एक मुलगी वडिलांना घेऊन आली होती. तिचं वय पाहता अर्ज करण्याची ही शेवटचीच संधी होती. फोटो चढला, सही चढली. शेवटचं बटण दाबलं आणि पाटी आली: या पत्त्यावरून फार अर्ज येत असल्याने हा पत्ता थांबवला आहे. खाली माझ्या लाइनच्या पत्त्याचा नंबर. मी मोडेम बंद करून चालू केला, नवा पत्ता मिळाला. तिचं पान पुन्हा उघडेपर्यंत तोही थांबवला गेला. आठ मशीन, त्यातली निम्मी रिकामी. एवढे अर्ज जात होते कुठून?

"काका, समोर जाऊन पाहू का?" मुलीने विचारलं.

गिऱ्हाईक समोर पाठवायची माझी पद्धत नाही. तरी म्हणालो, "जा बाई."

ती लगेच परत आली. "काका, तिथंबी हेच लिहून आलंय. खालचा नंबरबी हाच हाय."

दोन वेगळ्या लाइनींवर एकाच वेळी एकच नंबर असू शकत नाही. मी माझ्या राउटरमधून सरांची वायर उपसली. रस्त्यापलीकडून आवाज आला, "अरे, नेट गेलं."

मी जिना चढलो. क्लासमध्ये सगळी मशीन चालू होती. कोपऱ्यात राउटर, मी शिकवलं तसाच लावलेला. वर स्वतःचं नॅट करून सरांनी अख्खा क्लास एका पत्त्याआड दडवला होता, आणि त्याच राउटरमधून एक वायर खिडकीबाहेर, रस्त्यावरून झेरॉक्सच्या दुकानात गेली होती.

"सर, हे काय हाय?"

"भाऊ, तुमच्या यादीत एकच दिसतंय ना? चाराचं बोलणं होतं. तीन कमीच की."

पोरं हसली. सर पुढे म्हणाले, "आन् शिकवलं तर तुमीच."

मी तो राउटर वायरींसकट ओढला आणि जिन्यावर फेकला. गावात सांगतात ते एवढंच: याने क्लासचं नेट तोडलं, म्हणून लोकांचे फॉर्म राहिले.

खाली येऊन मी मोडेम बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी पान उघडलं, पण त्यावर मुदत संपल्याचं लिहिलं होतं. मुलीने फोटोचं पाकीट उचललं. वडील म्हणाले, "शेठ, भांडण उद्या केलं असतं तर?"

वायर मी आधीच काढली होती; तेव्हाच मोडेम बंद-चालू करून, तिचा फॉर्म भरून मग वर गेलो असतो तर काय झालं असतं, याचा हिशोब मी पुष्कळदा केला आहे. तो सरांपासून सुरू केल्याशिवाय जुळत नाही. त्या तांड्यावरचं माणूस नंतर माझ्या दुकानाची पायरी चढलं नाही.

सरांची आता स्वतःची इमारत आहे. भरतीत लागलेल्या पोरांचे फोटो ते दारावर लावतात. ती मुलगी सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात नांदते. तिलाही वाटतं की तिचा फॉर्म माझ्या रागामुळे गेला.

सर, मागचा दलाल लपवणाऱ्याला भर बाजारात जाब विचारायची आमची रीत होती, म्हणून असा सगळ्यांदेखत विचारतो. त्या दिवशी माझ्या वायरीवर तुमच्या मागे कोण कोण होतं? मला सांगू नका, मी पाहिलं आहे. तिच्या दारात जा, तिच्या वडिलांना बोलावून घ्या, आणि त्या दोघांना तुमच्या तोंडाने सांगा.