तांबड्या शाईची दुरुस्ती

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या सिद्धलिंगप्पा मास्तरांना एकाच गोष्टीचा मनस्वी राग यायचा. खात्री नसताना कुणी खात्रीचा शब्द वापरला, की त्यांचं डोकं फिरे. इंग्रजीच्या तासाला ते फळ्यावर चार पायऱ्या काढत. सगळ्यात वर ‘सर्टनली’, त्याखाली ‘प्रॉबेबली’, मग ‘पॉसिबली’ आणि अगदी तळाला ‘परहॅप्स’. उद्या गिरणीचा भोंगा वाजेल, सर्टनली. हेडमास्तर उशिरा येतील, प्रॉबेबली. सोलापुरात आठवडाभर पाऊस लागेल, पॉसिबली. आणि मागच्या बाकावरची मंडळी पास होतील? सगळा वर्ग ओरडे, “परहॅप्स!” मग मास्तरही हसत.

घरीही हाच खाक्या. मुलगा रुद्रप्पा नैरोबीला रेल्वेत कारकून होता. त्यानं पत्र इंग्रजीत लिहायचं, मास्तरांनी ते तांबड्या शाईनं तपासून उत्तरासोबत परत धाडायचं, असा शिरस्ता होता. त्यांची बायको गिरिजाबाई वैतागायची. “पोराला मायेचं दोन शब्द लिवा की. पेपर काय तपासताय?”

“तपासतोय, हीच माया हाय,” मास्तर म्हणत.

एकतीस साली गिरिजाबाई गेली. तेव्हापासून मास्तर शाळेतून मुद्दाम लांबच्या रस्त्यानं येऊ लागले. लवकर घरी पोचून करायचं काय? शेजारची राजाबाई दोन भाकऱ्या झाकून ठेवून जाई. मास्तर त्या एकटेच खात.

पुढच्या आषाढात रुद्रप्पाचं पत्र आलं. दिवाळीला मी सर्टनली येतो, असं त्यानं लिहिलं होतं. मास्तर चप्पल न घालताच राजाबाईच्या दारात गेले. “रुद्रप्पा येतोय. येणारच!” त्यांनी खोलीला चुना लावून घेतला, खाटेची नवार घट्ट केली. मग नेहमीप्रमाणे पत्र तपासायला बसले. रजा साहेबाच्या हातात, बोट समुद्राच्या भरवशावर, मग सर्टनली कसं म्हणता येईल? त्यांनी तो शब्द खोडला, वर प्रॉबेबली लिहिलं आणि पत्र टपालात टाकलं.

भाद्रपदात उत्तर आलं. ‘आपली दुरुस्ती मान्य. माझी रजा आधीच मंजूर झाली होती. पण सोबतच्या कारकुनाला दिवाळीला घरी जायचं होतं. माझं येणं आपण नक्की धरलेलं नाही, म्हणून रजा त्याला देऊन टाकली.’

मास्तरांनी ते चार वेळा वाचलं. चूक एकही नव्हती. पोरगं पहिल्यांदाही खरंच बोललं होतं, आणि ते खरं आपण आपल्या हातानं खोडलं, हे त्यांना कळून चुकलं.

त्याच्या पुढच्या वर्षी पत्रात पॉसिबली आलं, तिसऱ्या वर्षी परहॅप्स. शब्द अगदी जागच्या जागी होते. दौतीत तांबडी शाई वाळून गेली होती.

ते परहॅप्सचं पत्र समोर ठेवून मास्तरांनी दौतीत पाणी घातलं. टाक उचलला. पण तो शब्द खोडायला हात धजेना, कारण तो बरोबर होता. मग त्यांनी पत्राच्या तळाशी जन्मात पहिल्यांदा मुलाला मराठीत लिहिलं, ‘तुझं सर्टनली बरोबर होतं. चूक माझी. तुझी आई गेल्यापासून घर खायला उठतं. ये.’

पत्र टपालात गेलं, पण उत्तर आलं नाही. दिवाळी दोन दिवसांवर आली तशी राजाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

“मास्तर, औंदा तरी येनार न्हवं रुद्रप्पा? भाकऱ्या किती जनांच्या थापू?”

मास्तरांच्या ओठांवर चारी पायऱ्या येऊन गेल्या.

“दोघांच्या थापा.”

“नक्की?”

“थापा तुमी,” मास्तर म्हणाले. “उरल्या तर शिळ्या मी खाईन की.”