वसुधाताईने थांबवलेली मॅच

ताई गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा मी तिच्यासाठी पेज शिजवत होते. गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिले... मग पहिला फोन रुहीला लावला. ती भारतीय संघाच्या शिबिरात होती. कधी, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "मावशी, मी निघते."

वसुधाताई माझी मोठी बहीण. छत्रीबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये ती टेबल टेनिस शिकवायची. मुलांना आधी खो-खो खेळायला लावायची, पळवायची, पोहायला पाठवायची. पालक वैतागायचे. "हात एकटा खेळत नाही हो, अख्खं पोर खेळतं," ती म्हणायची. रुही तिच्याकडे लहानपणापासून शिकत होती. राज्य संघाच्या निवडीच्या तोंडावर तिचं मनगट सुजलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि ताईने खेळायला साफ नाही म्हटलं. रुहीचे वडील दिलीपजी भडकले. "ताई, चान्स निकल जाएगा! बाकीच्या पोरी पुढे निघून जातील."

"जाऊ देत."

तरी निवडीच्या दिवशी विजयनगरच्या हॉलमध्ये रुही टेबलापाशी उभी दिसली. मनगटाला पट्टी. दिलीपजींनी दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन तिला आणलं होतं. ताई माझ्या शेजारी बसली. पहिला गेम रुहीने जिंकला, टाळ्या पडल्या. दुसऱ्या गेममध्ये प्रत्येक फटक्यानंतर ती ओठ आवळून घेत होती. ताईने माझा हात घट्ट धरला. आणि मग रुहीच्या हातून बॅटच सुटली. ती उचलून तिने वर पाहिलं, ते वडिलांकडे नाही, ताईकडे.

ताई उठली, सरळ टेबलापाशी गेली. "रुही, खेळायचंय की थांबायचंय? खरं सांग."

 पोरीने बॅट टेबलावर ठेवली. "थांबायचंय."

ताईने पंचांना हात केला.

"तुम्ही माझ्या पोरीचं करिअर खतम केलं!" दिलीपजी सगळ्यांसमोर ओरडले.  ताई खाली बसून रुहीच्या मनगटावर बर्फ धरत राहिली.

त्यानंतर रुही यायची बंद झाली. बातमी पसरली तशी आणखी काही मुलं गेली. ओस पडलेल्या हॉलमधून घरी आली की ताई चहा पुढ्यात ठेवून विचारायची, "मी चुकले असेन का गं?" मी तिचा निवलेला चहा पुन्हा गरम करायला घ्यायचे... पुढे कितीतरी महिन्यांनी रुही एकटीच सायकलवर आली. "हात बरा झालाय. बाबांना सांगितलं नाहीये."

ताईचा चेहरा उजळला होता, पण ती म्हणाली, "आधी त्यांना सांगून ये."

दुसऱ्या दिवशी दिलीपजी मुलीला घेऊन आले. दाराबाहेरच थांबले. ताईने त्यांच्यासाठी खुर्ची टाकली. तिथून भारतीय संघापर्यंत पोचायला रुहीला वर्षं लागली. ताईने ती निवड पाहिली, अंथरुणावरून का होईना.

तेराव्यानंतर रुही काही दिवस इथेच राहिली. परवा मी हॉलवर गेले तर तिचा सराव चालू होता आणि दिलीपजी समोरून चेंडू देत होते. मध्येच ती थांबली, खांदा चोळला. "बाबा, आज एवढं बस."

दिलीपजींच्या हातात चेंडू तसाच होता. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, चेंडू खिशात टाकला आणि हॉलच्या खिडक्या लावायला घेतल्या.