लेकीच्या भिंतीवरचा स्टॅबिलायझर

व्होल्टेजकाकांनी उभं आयुष्य स्टॅबिलायझर बांधण्यात घातलं. पत्र्याचा डबा, आत तांब्याच्या तारेचा जड ट्रान्सफॉर्मर आणि एक रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच. वीज कमी आली की रिले टक् करून दुसऱ्या वेढ्यांवर जायचा आणि व्होल्टेज चढवायचा, वीज वाढली की टक् करून परत यायचा. एके काळी ही टकटक घरोघरी ऐकू यायची. रस्त्यानं जाताना काका नुसत्या आवाजावरून सांगायचे, हा माझा, हा त्या चोराचा. चोर म्हणजे पलीकडच्या गल्लीतला दुसरा स्टॅबिलायझरवाला. बिचारा कधीच वारला, पण काकांनी त्याला मेल्यावरही सोडलं नाही.

मग नवी यंत्रं आली आणि पोटातच स्वतःचा पॉवर सप्लाय घेऊन आली. त्या सप्लायला विजेच्या लहरींचं सोयरसुतक नव्हतं. येईल ती वीज सरळ करून एका जाड कपॅसिटरमध्ये साठवायची, सेकंदाला लाखभर वेळा तिचे तुकडे पाडायचे, आणि पलीकडे किती पोचतंय यावर डोळा ठेवायचा. कमी पडलं तर तुकडे लांब, जास्त झालं तर आखूड. दीडशे व्होल्ट येवोत नाहीतर अडीचशे, यंत्राला मिळायचं तेवढंच मिळणार. ट्रान्सफॉर्मर लिंबाएवढा, आवाज नाही, वजन नाही. काकांना हे सगळं तोंडपाठ होतं, कारण वैऱ्याची कुंडली माणूस ठेवतोच. "खेळणं आहे ते," म्हणत ते नाक मुरडायचे आणि दुकानात माश्या मारत बसायचे.

जावयाची नोकरी सुटली तेव्हा लेकीनं भरतकामाचं यंत्र घेतलं. घर आता त्याच्यावरच चालायचं होतं. विकणाऱ्यानं बजावलं होतं, बाहेरचा स्टॅबिलायझर लावू नका, गॅरंटी जाईल. हे ऐकून काकांचा पारा चढला.

"काल जन्मलेला तो, मला शिकवणार?"

"बाबा, सप्लाय आहे ना आत. कशाला उगाच?"

काकांचं तोंड एवढंसं झालं. ते बघून लेक गप्प बसली, आणि चुकली ती तिथेच. काकांनी हातानं तार गुंडाळली, जुन्या साठ्यातला रिले काढला, जुनं ते सोनं म्हणाले, आणि स्वतः भिंतीला भोकं पाडून डबा टांगला.

एका दुपारी यंत्र धूर काढून बंद पडलं. खरं सांगायचं तर निरोप मिळाल्यावर काका जरा खूशच झाले. लेकीकडे निघाले ते ऐटीत. खेळण्यानं दगा दिला, आता ऐका म्हणावं म्हाताऱ्याचं! तिथे पोचून त्यांनी सप्लाय उघडला, आणि ऐट उतरली. जाड कपॅसिटर डोक्यावर फुटला होता. कमी विजेनं कपॅसिटर फुटत नाही, फुटतो तो जादा विजेनं. त्यांनी आपला डबा खाली काढला, मीटर लावला, आणि दुकानातून आणलेल्या, चाक फिरवून व्होल्टेज कमीजास्त करायच्या यंत्रावर वीज आधी कमी केली. टक्. मग हळूहळू वाढवली. दुसरी टक् आलीच नाही. मीटरचा काटा तीनशेच्या पुढे गेला. जुन्या रिलेच्या आतल्या पट्ट्या एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि पुरती वीज आल्यावरही डबा तिला चढवतच राहिला होता. शहरातल्या विजेचे सगळे चाळे त्या खेळण्यानं सोसले असते. बापाचा लाड तेवढा सोसला नाही. काकांना तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"माझ्याच डब्यानं खाल्लं गं," ते म्हणाले.

"कळलंय मला. सकाळपासून टकटक बंद होती." लेक भिंतीतली भोकं लांबीनं बुजवत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. "कंपनीचा माणूस येतोय. डबा कधी नव्हताच, असं सांगायचंय. गॅरंटीत नवा सप्लाय मिळाला तर ठीक, नाहीतर जेवायचे वांधे. तो पलंगाखाली सरकवा."

आपलेच दात, आपलेच ओठ. काकांनी डबा पलंगाखाली सरकवला आणि वर चादर ओढली.

मेकॅनिक आला. फुटका कपॅसिटर बोटांत धरून त्यानं भुवया उंचावल्या. लेक काही बोलणार, तोच त्यानं काकांना विचारलं, "काका, स्टॅबिलायझर लावला होता का हो?"

"नाही."

"नक्की? काही म्हातारे अजून बनवतात असले डबे. चांगली यंत्रं मारतात."

लेकीनं खाली पाहिलं. काका तिच्याकडे बघत राहिले, मग मेकॅनिककडे वळले.

"मारतात ना," ते म्हणाले. "असल्या माणसाला दारात उभं करू नये."