खळ्यावरचा दगड

आमच्या कर्जतकडचा धर्मा बोटीतून उतरला तो थेट वखारीत आला, आणि मुंडासं काढून म्हणाला, "तुजी काकी गेली रं." कराची बंदरात हमालांचा गलबला चालला होता. त्याला आता महिना होत आला.

आईबाप लवकर गेले, शाळा दुसरीतच सुटली. मला वाढवलं ते या विधवा काकीनं. तिच्यापाशी एकच शेत, आणि थोरले काका टपलेले. "एकदा राब चुकला की शेत माज्याकडं." राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजायची. घाई केली तर राख वाऱ्यावर जाते, उशीर केला तर ओला पाला पेटत नाही.

काकीची सकाळ खळ्यावरच्या दगडावर उजाडे. समोरच्या डोंगरावर सूर्य कुठं उगवतो, ते ती तिथून पाही. थंडीत तो दक्षिणेच्या टोकाला थबके, मग परते. संक्रांतीला तिळगूळ देताना ती हसे, "तो कवाच वळला, आपुन आता गोड बोलतोय." माथ्यावरच्या एकट्या आंब्यामागून तो वर आला की राब भाजायचा. एका वर्षी आंबा कुणी तोडला. काका म्हणाले, "आता कुनाला इचारशील गं?" काकीनं दगडावरून आंब्याच्याच रेषेत आपल्या बांधावर बांबू रोवला. "याला."

त्याच वैशाखात काकांच्या मुलीचं लग्न निघालं. दोन्ही घरांच्या त्या खळ्यावर मांडव घालताना दगड बाजूला सरकवला गेला, आणि धांदलीत ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. काकी रोज बसे, सूर्य काही बांबूला लागेना. "यंदा रमतगमत चाललाय मेला!" आभाळ भरून आलं तेव्हा कुठं तिला दगडाची जुनी, रिकामी खाच दिसली. रडली नाही. "सूर्य नाय चुकला, बूड चुकलं माजं. ऊठ!" दिवस मावळेतो आम्ही दोघांनी पाला वाहिला. धुरानं डोळे सुजले, पण राब भाजून निघाला. शेत राहिलं. मग दगड तिनं जुन्या खाचेत निम्मा पुरून टाकला. पुढं बांबू कितीदा बदलले, दगड तोच.

इथं डोंगर नाही. रोज सकाळी वखारीच्या एकाच पायरीवर बसतो. समोरच्या मिनाराच्या डावीकडं सूर्य सरकू लागलाय. रजा मिळेल ना? बोट चुकली तर? तरी धर्मा परत निघाला तेव्हा काकांना निरोप धाडलाच : सूर्य बांबूला लागायच्या आत येतो, राब मीच भाजणार. खळ्यावर हवे तेवढे मांडव घाला, दगड तेवढा हलवू नका.