शेठाणीचा पायगुण

माझ्या डाव्या पायाला सहा बोटं आहेत. सहावं करंगळीला लागून बाहेर निघालेलं. त्याला नखही आहे आणि ते मी बाकीच्या पाचांबरोबरच कापते. चालताना मला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास होता तो इतरांना.

सर्वांत जास्त मायला. मी चौथीत गेल्यापासून तिने मला मोजे घालायला लावले, शाळेत आणि घरीही. सुरतेत, लिंबायतमध्ये, पत्र्याच्या छपराखाली, मे महिन्यात मोजे. कोणी विचारलं की माय सांगायची, "तिले थंडी बाधस." गल्लीतली माणसं ओला टॉवेल डोक्यावर टाकून दारात बसलेली असायची, तरी हे ऐकून कोणी हसत नसे. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. नवरात्रात शेजारपाजारच्या मुलींना कुमारिका म्हणून बोलावून त्यांचे पाय धुतले जायचे. मला कधी बोलावणं आलं नाही. देवीला व्यंग चालत नाही म्हणे. देवीला स्वतःला आठ हात असतात, पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, यंत्रमागाच्या कारखान्यात कारीगर होते. चौऱ्याण्णव सालच्या प्लेगच्या साथीत आम्ही सगळे खानदेशात गावी पळालो आणि साथ ओसरल्यावर परत आलो, तेव्हा कारखान्यात एक मांजर येऊन राहिलेलं होतं. एरवी मांजर आडवं गेलं तर चार पावलं मागे येऊन थुंकणारी आमची माणसं. पण त्या वर्षी उंदराचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा, त्यामुळे मांजराची पत एकदम वाढली होती. त्यात कोणाच्या तरी लक्षात आलं की या मांजरीच्या पुढच्या दोन्ही पायांना सहा-सहा बोटं आहेत. मांजराला मुळात पुढे पाचच असतात, हे दुसरं एक मांजर धरून, मोजून ठरवण्यात आलं. त्या शोधात दोन कारीगर चांगलेच ओरबाडले गेले.

ती आल्यापासून मागावरच्या ताण्याचे उभे धागे कुरतडणारे उंदीर गेले. शेठला मोठं काम मिळालं. शेठने हात जोडून सांगितलं, "आ तो लक्ष्मी छे. पहेलां एने दूध, पछी तमारी चा." तेव्हापासून तिचं नाव शेठाणी पडलं. कारीगर सकाळी पाळीवर आले की मागाला हात लावून कपाळाला लावतात, ती रीत होतीच. आता त्याआधी शेठाणीच्या पायाला दोन बोटं लावायची आणि ती कपाळाला टेकवायची, अशी नवी रीत सुरू झाली. आबासुद्धा लावायचे. रोज घरी येऊन तिचं कौतुक करायचे, ती कुठे झोपली, कशी जांभई दिली, पंजा कसा हातमोजा घातल्यासारखा दिसतो. मी समोर बसून ऐकायचे. माझ्या पायात मोजे.

शेठाणीला चार पिल्लं झाली, त्यांतली दोन सहा बोटांची. एक शेठने आपल्या बंगल्यावर नेलं. दुसऱ्यासाठी कारीगरांत चिठ्ठ्या टाकल्या आणि आबांची चिठ्ठी निघाली. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून त्यांनी ते पिल्लू रिक्षाने घरी आणलं, आणि अर्ध्या गल्लीला दाखवत आणलं. मायने "मनी, मनी" करत ते मांडीवर घेतलं, एकेक बोट मोजलं, आणि पंजा उचलून आपल्या डोळ्यांना लावला.

माझं डोकं फिरलं. "मग मना बी बोटं मोज ना," मी पाय पुढे करून म्हटलं.

"तू काय मांजर शेस का?" माय म्हणाली.

हे मात्र खरं होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. मायने सगळं आखून ठेवलं होतं. मोज्यांत बघण्याचा कार्यक्रम उरकायचा, होकार आला की हळदीच्या आधी दवाखान्यात जाऊन बोट काढून टाकायचं. डॉक्टर म्हणाले होते, किरकोळ काम आहे. मला ते बोट फार आवडायचं असं नाही, पण ते माझं होतं. त्याने कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. मला ते कापायचं नव्हतं. हे मी आबांना एकदा सांगितलं तर ते म्हणाले, "तुनी मायले इचार." आणि पिल्लाला दूध द्यायला उठले.

पहिलं स्थळ आलं ते आबांच्या शेजारच्या मागावर काम करणाऱ्या कारीगरानेच आणलं. मुलगा हजिऱ्याला ठेकेदाराकडे कामाला, राहायला इच्छापोरला. तो, त्याची आई आणि हा मध्यस्थ, असे तिघं कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने मला नाव विचारलं, चालायला लावलं. मग तिची नजर खाली गेली.

"पोरीना पायले काय हुयनं?"

"तिले थंडी बाधस," माय म्हणाली. मुलगा त्या वेळी रुमालाने मानेवरचा घाम पुसत होता. त्याने रुमाल खिशात ठेवला.

तेवढ्यात पिल्लू उडी मारून मुलाच्या आईच्या मांडीवर बसलं. तिने त्याचा पंजा हातात घेतला, निरखून पाहिला आणि बोटं मोजली. मग पुन्हा मोजली.

"वं माय! हाई ते लक्ष्मी शे! ज्यान्हा घर जाई, त्यान्हं भलं करी." ती आबांकडे वळली. "लगीनमा आम्हले हाई मनी द्या. दुसरं काहीच नको."

मायचा चेहरा असा खुलला की काय सांगू. माझं लग्न मांजराच्या जोरावर ठरत होतं, आणि तेही त्याच्या एका जादा बोटासाठी. माझं तसलंच बोट मात्र हळदीआधी कापायचं होतं. मी काही ठरवून केलं नाही. खाली बसले आणि डाव्या पायातला मोजा काढला.

"मना बी पायले सहा बोटं शेतस," मी म्हटलं.

मुलाच्या आईचा हात पिल्लाच्या पाठीवर होता तिथेच थांबला. तिने माझीही बोटं मोजली, पण लांबून, नुसत्या डोळ्यांनी. मग पिल्लू मांडीवरून खाली ठेवलं आणि कळवतो म्हणाली. जाताना दारात थांबून तिने पिल्लाला एकदा कुरवाळलं.

पाचव्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला. हा माणूस रोज सकाळी शेठाणीच्या पाया पडणारा. खाली बघत म्हणाला, "पोर चांगली शे, पन तिना पायगुणना भरोसा नही, आसं त्या म्हनतस. मनी मात्र द्या, आसं सांगेल शे."

माय आत जाऊन रडायला लागली. आबांनी पिल्लू उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "त्यास्ले सांग, मनी आजून धाकली शे. इतलामा तिनं लगीन करानं नही."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण मायने डोळे पुसून तिथेच जाहीर केलं की आता पुढच्या स्थळाची वाट बघायची नाही, येत्या सोमवारी जाऊन बोट काढून यायचं. आबांनी रजा टाकायची. आबा काही बोलले नाहीत आणि मला त्यांचा फार राग आला. मांजरासाठी तोंड उघडतं आणि माझ्यासाठी नाही, असं मनात आलं. रविवारभर मी जेवले नाही.

सोमवारी सकाळी मायने पिशवी भरली, त्यात माझा टॉवेल आणि जुनी ओढणी घातली. मी मोजे घालायला ओट्यावर बसले. आबा बाहेर आले ते कामावरचा सदरा घालून. माझ्यासमोर ते उकिडवे बसले, माझ्या हातातला मोजा काढून घेतला आणि बाजूला ठेवला. मग सहाव्या बोटाला दोन बोटं लावून ती कपाळाला टेकवली, रोज कारखान्यात टेकवतात तशी, घाईघाईत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाने लेकीच्या पाया पडायचं, तेही भर गल्लीत. तरी मी पाय मागे घेतला नाही.

"डबा दे," ते मायला म्हणाले. "पाळीले उशीर व्हस."

संध्याकाळी ते दमून आले. त्या दिवशी त्यांच्या मागावरचा ताणा सारखा तुटत राहिला, धोटा दोनदा उडाला आणि दुपारी लाईट गेली ती चार वाजेपर्यंत आलीच नाही. जेवताना हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं. माय माझ्या पायाकडे बघत होती. मी पाय पोटाशी ओढून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर भांडी घासत होते. आबा डबा घेऊन निघाले, दोन पावलं पुढे गेले, परत आले, आणि माझ्या पायाच्या सहाव्या बोटाला हात लावून कामावर गेले.